रेगेमामा

नांदेडमध्ये रेगे नावाचा एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे, आणि त्याचं आडनाव रेगे नाही. तो माझा सख्खा मामा. गाव लोहा तालुक्यातलं, शेती कोरडवाहू, आडनाव निम्म्या गावाचं असतं तेच. पण लग्नपत्रिका येतात त्या 'श्री. रेगे, रेडिओवाले' या नावानं. वीजबिल सोडलं तर त्याचं खरं आडनाव घरात कुठं लिहिलेलं सापडत नाही. मागं मतदारयादी तपासायला आलेल्या गुरुजींनी दारात बसून पाऊण तास 'र'ची पानं उलटली, चहा घेतला आणि तोंड पाडून सांगितलं, "मामा, तुमचं नाव उडालंय बरं का यादीतून." मामानंही तोंड पाडलं. दोघं बराच वेळ लोकशाहीबद्दल वाईट बोलत बसले. शेवटी मामी आतून म्हणाली, "अवं, ते 'र' मधी न्हाईत."

हे लचांड १९९३ साली लातूरला सुरू झालं. मामा तेव्हा आयटीआयला रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकत होता आणि आमच्याकडं राहत होता. मी नऊ वर्षांचा. गल्लीत नुकतीच केबल आली होती. एका गच्चीवर भली मोठी छत्री आभाळाकडं तोंड करून बसली होती आणि तिच्या वायरी लिंबावरून, टाकीवरून, कुणाच्या कुरडयांच्या वाळवणावरून घरोघर गेल्या होत्या. त्या सारख्या निसटायच्या. मामा शिकाऊ असल्यामुळं फुकट होता, म्हणून लोक त्यालाच बोलवायचे. असाच तो एका घरी गेला, वायर जोडली, चित्र आलं का ते बघायला मान वळवली आणि तसाच उभा राहिला. पडद्यावर एक सावळा, आपल्यातलाच वाटणारा पोरगा हातवारे करत भराभरा काहीतरी म्हणत होता. शब्द इंग्रजी असावेत असा संशय येत होता. मधूनच पंजाबी निघत होतं. आणि खालून असा ठेका चालला होता की मामाच्या हातातला टेस्टर आपोआप हलायला लागला. गाणं संपल्यावर घरमालकानं विचारलं, "काय बिघडलं होतं?" मामा म्हणाला, "काय की."

तो पोरगा म्हणजे अपाचे इंडियन. खरं नाव स्टीव्हन कपूर, जन्म १९६७चा, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरात. घराणं पंजाबी. तो वाढला त्या हँड्सवर्थ भागात एका घरात जमैकाची माणसं आणि शेजारच्या घरात पंजाबी असा मामला. त्यामुळं त्यानं जमैकाचं रेगे आणि डान्सहॉल उचललं आणि त्यात आपल्या घरची फोडणी घातली. नावातला 'अपाचे'सुद्धा जमैकाचाच. तिथला सुपर कॅट नावाचा गायक स्वतःला वाइल्ड अपाचे म्हणवायचा, त्याच्यावरून घेतलेला. १९९३च्या सुरुवातीला त्याचा 'नो रिझर्वेशन्स' हा अल्बम आला आणि तिकडच्या मानाच्या मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीत जाऊन बसला. आमच्या मामाच्या डोक्यात जाऊन बसला तो मात्र कुठल्याही समितीला न विचारता.

त्या संध्याकाळी जेवताना मामा माझ्या वडिलांना म्हणाला, "दाजी, रेगे लई भारी हायेत."

माझे वडील कॉलेजात मराठी शिकवत. मेहुणा आयटीआयचा, वाचनाच्या नावानं शंख, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलेलं. त्यांच्या हातातला घास थांबला. "कोणते? पु. शि. की सदानंद?"

"काय की. इंग्लंडला असतेत."

"म्हणजे पु. शि.," वडील समाधानानं म्हणाले. "लंडनला शिकले होते ते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून 'सावित्री' काढून मामाच्या उशाशी ठेवली. आई म्हणाली, "रेगे म्हंजे कोकणातले ना? मासे खाणारे?" आठवडाभर घरात फार सुसंस्कृत वातावरण होतं. मामानंही पुस्तक खरोखर उघडलं, आणि आठव्या दिवशी परत करताना जे मत दिलं त्यावरून वडील त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तो म्हणाला, "बरंय दाजी. पण ठेका न्हाई."

नाव मात्र तिथून चिकटलं ते चिकटलंच.

आता कॅसेट. लातूरला गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्याच्या तोंडाशी कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. कोरी कॅसेट घेऊन जायची, वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची, दळण टाकल्यासारखं. दुकानदाराकडं हा अल्बम कुणाकडून तरी हैदराबादहून आलेला होता. मामानं साठच्या ऐवजी नव्वदची कॅसेट नेली, कारण तीच घरात होती. अल्बम भरून झाला, तरी बी बाजूला बरीच रीळ शिल्लक राहिली. दुकानदार काटकसरी माणूस. "कोरी कशाला ठिवायची?" असं म्हणून त्यानं उरलेल्या जागेत प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी भरून दिली.

मामानं ती कॅसेट पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्याला यात काहीच खटकलं नाही. पुढं कधी खटकलं नाही. बर्मिंगहॅमहून निघालेलं गाणं जमैकाला वळसा घालून शेवटी पंढरपूरला येतं, हे त्याला अगदी रास्त वाटलं. कुठलंही चांगलं गाणं आणखी जाणार कुठं?

अल्बमच्या नावानं मात्र छळलं. मंडलच्या खटल्याचा निकाल लागून वर्षही झालं नव्हतं, मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून हवा तापलेली, आणि हा कॅसेटीवर ठसठशीत अक्षरात 'नो रिझर्वेशन्स' लिहून आयटीआयच्या आवारात हिंडतोय. एका मित्रानं खांद्यावर हात टाकून म्हटलं, "शाब्बास, उघड बोलणारा एक तरी निघाला." दुसऱ्यानं बोलणं सोडलं. मामाला कळेना आपण केलं काय. तिसऱ्यानं विचारलं, हे रेल्वेचं काही आहे का? लातूरला तेव्हा बार्शी लाइटची अरुंद रुळांची गाडी यायची, तिला कसलं आलंय रिझर्वेशन? शेवटी मामानं नावावर कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं, 'इंग्लिश भजन'. ते दोन्ही बाजूंना चाललं.

वडिलांना त्यांच्या एका सहकाऱ्यानं सांगितलं की रेगेवाले गांजा ओढतात. झालं, त्या रात्री मामाचे खिसे तपासले गेले. निघालं काय, तर सोल्डरची तार आणि राळेचा खडा. त्याच्या अंगाला जो एक वास यायचा तो त्या राळेचाच होता. आता मला माहीत आहे की १८४५पासून मळ्यांवर राबायला इथून जी माणसं जहाजानं जमैकाला नेली, त्यांच्याबरोबरच गांजा हा शब्द तिकडं गेला. म्हणजे तपासायचेच होते तर खिसे आपल्याकडच्या पणजोबांचे तपासायला हवे होते.

सप्टेंबर उलटता उलटता सगळं थांबलं. गणपती बुडवून गावं झोपली होती. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं जमिनीत गेली. सुमारे दहा हजार माणसं. आयटीआयच्या पोरांबरोबर मामा तिकडं गेला आणि चार दिवसांनी आला. काय बघितलं ते त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही. सगळं लातूर पुढं कित्येक आठवडे उघड्यावर झोपलं. आमच्या अंगणात चार घरांची अंथरुणं. टेपरेकॉर्डरही बाहेरच, गोधडीखाली, आत कॅसेट तशीच. रात्री दव पडायचं. दिवाळीच्या सुमारास एका रात्री मामानं अगदी बारीक आवाजात तो लावला. कुणी बंद कर म्हटलं नाही. बी बाजूच्या दुसऱ्या गाण्यात मधेच गायकाचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा गुळगुळला, दोन क्षण गटांगळी खाऊन पुन्हा वर आला. दवानं रीळ तेवढी आकसली होती. मामानं पेन्सिल घालून फिरवून बघितली, स्पिरिटनं हेड पुसलं. ती गटांगळी कायमची राहिली.

आता मामाला ज्याच्यापायी सगळे हसतात तो ठेका. आपल्याकडं सगळं संगीत समेवर जीव टाकतं. पखवाजवाला, टाळकरी, माना हलवणारे म्हातारे, सगळे सम गाठायला धावतात. जुनं रेगे ती पहिली मात्रा चक्क मोकळी सोडतं. ढोलाचा दणका तिसरीवर पडतो आणि गिटार दोन ठोक्यांच्या फटीत 'च्यक' करून जाते. मामा त्या फटीत राहायला गेला तो परत आला नाही. तो टाळी फटीत वाजवतो. पाहुण्यांच्या बोलण्यात 'हं' म्हणतो ते वाक्य संपल्यावर अर्ध्या मात्रेनं, त्यामुळं बोलणारा दचकतो. अंत्यविधीला तो उशिरा येत नाही की लवकर येत नाही. मंडळी उठू की बसू अशा अवस्थेत असताना येतो.

लोह्याकडच्या आमच्या गावात हरिनाम सप्ताह असतो. एका वर्षी त्याला हरिपाठाला टाळ दिले. पन्नास टाळ एका ठोक्यावर पडत होते आणि एक्कावन्नावा दोन ठोक्यांच्या मधे, बरोब्बर, एकदाही न चुकता. चुकला असता तर कुणी मनावर घेतलं नसतं. पण तो इतका नेमका होता की पाचव्या अभंगापर्यंत लहान पोरांची पावली त्याच्या टाळावर पडायला लागली, मग पोरांच्या मागच्या बायकांची, आणि दहाव्या मिनिटाला पखवाजवाल्याचा हात अडखळला. वीस वर्षं पखवाज वाजवणारा माणूस! त्यानं हात थांबवून मंडपभर नजर फिरवली. मामा डोळे मिटून होता.

महाराज समजूतदार. त्यांनी टाळ काढून घेतले नाहीत, अपमान झाला असता. त्यांनी त्याला वीणा दिली. "विणेकऱ्याचा मान मोठा," म्हणाले. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, पहाऱ्याला उभं राहायचं असतं आणि मुख्य म्हणजे तिला ठेका धरावा लागत नाही. तेव्हापासून दर वर्षी रात्री दोन ते चारचा पहारा मामाचा. लोक म्हणतात, रेगेमामाची भक्ती मोठी. मी एकदा उठून बघितलं, तर गळ्यात वीणा, डोळे मिटलेले, आणि उजव्या पायाचा अंगठा फटीत हलतोय.

आयटीआय झाल्यावर मामानं नांदेडला वजिराबादच्या एका बोळात दुकान टाकलं. तिथं त्याच्या ज्ञानात भर पडली ती एका सरदारजींमुळं. हुजूर साहिबला येणाऱ्या एका ट्रकचा टेप दुरुस्तीला आला होता. अल्बमात 'चोक देअर' म्हणून एक गाणं आहे. मामा मेकॅनिक माणूस, त्यानं त्याचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता: गारठ्यात स्कूटर चालू होत नाही तेव्हा चोक द्यावा लागतो, त्याचं हे गाणं. कोरसमधली माणसं धक्का मारणारी. हा अर्थ त्यानं कित्येकांना पटवूनही दिला होता. सरदारजी पोट धरून हसले. "ओये, चक दे! उठा!" मामानं विचारलं, काय उचलायचं? ते म्हणाले, काहीही. मामा दिवसभर गप्प होता. संध्याकाळी मला म्हणाला, "स्कूटरचं होतं तेच बरं होतं रे."

दुसरी भर म्हणजे किंग टबी. त्याच्याविषयी मीच मामाला सांगितलं, पुण्याला शिकायला गेल्यावर कुठंतरी वाचून, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो. टबी हा किंग्स्टनमधला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. ॲम्प्लिफायर बांधायचा. तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून घ्यायचा, नुसता बेस आणि ढोल ठेवायचा, मधेच आवाजाचा एखादा तुकडा सोडून तो घुमवायचा. त्याला डब म्हणतात आणि जगभरच्या नाचगाण्याच्या रेकॉर्डिंगनं त्याच्यापासून धडे घेतले. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस राजा! मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ रेडिओ घेऊन दुकानात परत आले. "मामा, निसतं धप् धप् यायलंय. माणसाचा आवाज कुठं गेला?"

"त्याला डब म्हणतेत," मामा अभिमानानं म्हणाला.

"मला बातम्या ऐकायच्यात."

नांदेडात जयंत्या, गणपती आणि वराती मिळून डीजेच्या गाड्यांना दम नाही. जळालेल्या कॉइल, फाटलेले बेस सगळे मामाकडं येतात. दुरुस्ती झाल्यावर तपासायला गाणं एकच. जिल्ह्यातल्या कितीतरी डीजेंच्या भिंतींतून नव्या कॉइलवर पहिला आवाज अपाचे इंडियनचा निघालेला आहे, आणि हे त्यांच्या मालकांना ठाऊक नाही. मालक पोरसवदा असतो, घाईत असतो. मामा त्याला सोडत नाही. "तू डीजे न्हाईस. जमैकात डीजे म्हंजे माइकवर बोलणारा. तबकडी लावणाऱ्याला शिलेक्टर म्हणतेत. तू शिलेक्टर." पोरगं विचारतं, "मग पैसे कमी होतेत का?" तिकडंही ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर लादून रस्त्यात आणतात, दोन गाड्या समोरासमोर भिडवतात, हे मामा सांगतो तेव्हा पोरांना त्यात नवल वाटत नाही. त्यांना वाटतं तो माळेगावच्या जत्रेचं सांगतोय.

आणि चालीचं प्रकरण. जमैकात एक चाल धरतात आणि तिच्यावर वीस-वीस गायक आपापलं गाणं म्हणतात. वडिलांसारख्या माणसाला हे उष्टं वाटतं. मामाचं म्हणणं, आपलं भजनी मंडळ वेगळं काय करतंय? चाल सिनेमाची, शब्द विठ्ठलाचे. १९८५ साली वेन स्मिथच्या 'स्लेंग टेंग'नं डान्सहॉलचा चेहराच बदलला, आणि तो ठेका निघाला होता एका छोट्या कॅसिओत कंपनीनं आयता भरून दिलेल्या बटणातून. हे कळल्यावर मामाला स्वस्थता राहिली नाही. कॅसिओ तर प्रत्येक ऑर्केस्ट्रात असतो! भोकरच्या एका वरातीत त्यानं ऑर्केस्ट्रावाल्याला बाजूला सारून ओळीनं सगळी बटणं दाबून पाहिली. वॉल्ट्झ निघाला, सांबा निघाला. नवरदेव अर्धा तास घोड्यावर. ते विशिष्ट बटण काही सापडलं नाही, मॉडेलच निराळं होतं. पण त्या गावात अजून त्या वरातीचं नाव काढतात, आणि घोड्याचं.

मामाचं स्वतःचं लग्नही याच पायी मोडता मोडता राहिलं. अल्बमात 'अरेंज्ड मॅरेज' नावाचं गाणं आहे. त्यात पोरगा आपल्याला कसली मुलगी हवी ते सांगतो, आपल्याकडं परिचयपत्रात 'अपेक्षा' लिहितात तसं. मामाला ते फार मार्गदर्शक वाटत आलेलं. कंधारला मुलगी बघायला गेलो तर मुलीचे वडील मध्यस्थाला बाजूला घेऊन म्हणाले, "रेगे म्हणतेत ह्यांना. मग आमच्यातले कसे?" मध्यस्थानं वंशावळ सांगितली. तरी त्यांची भीती गेली नाही. त्यांना वाटलं दत्तक-बित्तक प्रकरण आहे. आत मामानं मुलीला एकच प्रश्न विचारला: "तुम्ही टाळी कुठं वाजवता?" तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "आरतीला." मामा बाहेर येऊन म्हणाला, ठरवून टाका.

अशी एका कॅसेटची माणसं मी आणखीही पाहिली आहेत. लातूरला एक वकील होते, 'गीतरामायणा'पलीकडं जगात काही ध्वनिमुद्रित झालंय हे त्यांना मान्य नव्हतं. पण त्यांच्या प्रेमाला शेजारी होते, सगळा महाराष्ट्र त्यांच्या बाजूनं. मामाचं प्रेम एकट्याचं. म्हणून तो भेटेल त्याला कॅसेट ऐकवतो, बळजबरीनं, चहा पाजून. आणि कुणाला ती खरंच आवडली की त्याचं काहीतरी बिनसतं. १९९३ सालीच अपाचेचं 'बूम शॅक-ए-लॅक' गाजलं, हॉलिवूडच्या सिनेमातही गेलं; मामा ते ऐकत नाही. "ते माझ्या कॅसेटवर न्हाई." रहमाननं १९९६ साली 'लव्ह बर्ड्स'मध्ये त्याला गायला घेतलं हे मी सांगितलं, तर म्हणाला, "मोठ्या लोकायच्या नादी लागला." सगळ्यात वर्मी घाव बसला तो गावच्या हलगीवाल्याचा. पोळ्याला मामानं बैलांपुढं टेप लावला. हलगीवाल्यानं अर्धा मिनिट ऐकलं, हलगी जाळावर शेकली आणि असा मिसळून गेला की गाणं त्याच्याचसाठी केलेलं वाटावं. "हे तर आपलंच हाय की!" म्हणाला. सगळं गाव नाचलं. मामा वडाखाली जाऊन बसला होता.

मी त्याला बॉब मार्लेची 'लेजंड' नेऊन दिली. मार्ले १९८१ साली अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेला, हा संग्रह त्यानंतर तीन वर्षांनी निघाला, आणि रेगे म्हणजे काय हे पृथ्वीवरच्या बहुतेकांना त्यातूनच कळतं. मामानं आदरानं ऐकला, सबंध. मग म्हणाला, "मोठा माणूस हाय. पण लई समजूतदार वाटायलाय." मार्लेच्या बाजूनं मात्र तो भांडतो. छातीवर मार्ले छापलेला टी-शर्ट घालून शिवाजीनगरच्या चौकात उभ्या असलेल्या एका पोराला त्यानं थांबवलं. "हे कोण?" पोरगं छातीकडं बघून म्हणालं, "चे गव्हेरा ना, मामा?" मामानं त्याला तिथंच अर्धा तास उभा केला. २००६ साली अपाचे नावाची मोटारसायकल आली तेव्हा अर्थात मामानं घेतली. ती तीसच्या वर कधी गेली नाही. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना तो हात करतो, पुढं जा म्हणून. हात फटीत हलतो.

नोव्हेंबर २०१८मध्ये युनेस्कोनं जमैकाचं रेगे जगाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मी फोन करून सांगितलं. मामानं दोन किलो पेढे आणून बोळभर वाटले. लोकांनी हातावर पेढा घेऊन विचारलं, काय विशेष? मामी म्हणाली, "रेग्यायला युनेस्कोनं घेतलं." शेजारचे निवृत्त तलाठी म्हणाले, "वा! कोणत्या पोस्टवर?"

मामीबद्दल मी फार लिहिलं नाही, कारण ती या प्रकरणात कुठंच नाही असं ती म्हणते. तिला ही गाणी आवडत नाहीत असंही म्हणते. फक्त तिचा स्वयंपाक इतक्या वर्षांत घड्याळावर झालेला नाही. संध्याकाळी मामा दुकानातून आला की कॅसेट लागते. दुकान खालीच आहे, जेवण वर. ए बाजू संपली की वरण उतरायचं. बी बाजूला तो पोरगा गटांगळी खातो तेव्हा कणीक मळून झालेली पाहिजे. प्रल्हाद शिंदे सुरू झाले की भात लावायचा, म्हणजे विठ्ठलाचं शेवटचं गाणं संपेपर्यंत भात होतो आणि पानं घेता येतात. मधे एकदा दिवे गेले आणि कॅसेट अर्ध्यात थांबली, तेव्हा त्या घरात कुणाला भूक लागली नव्हती.

गेल्या दिवाळीत मी गेलो तेव्हा टेप बंद पडलेला होता. बेल्ट मामानं कुठून तरी मिळवला असता, पण रीळच तुटली होती. जोडायला घेतली तर हातात भुगा आला. मामा काही बोलला नाही, पण टाळीसुद्धा ठोक्यावर वाजवत होता. मी पिशवीतून ब्लूटूथचा स्पीकर काढला, फोनवर अल्बम शोधला आणि पहिल्या गाण्यापासून लावला.

आवाज इतका स्वच्छ की मामा खुर्चीत ताठ बसला. मागं कुठंतरी एक बारीक वाद्य होतं, तीस वर्षांत ते त्याला ऐकूच आलं नव्हतं. "हे कधी घातलं?" म्हणाला. मग अंगठा हलायला लागला. आतून वरण उतरल्याचा आवाज आला. त्या गाण्यापाशी आलो, ती जागा आली. मामानं डोळे मिटून श्वास धरला. पोरगा बुडालाच नाही. सरळ गात पुढं निघून गेला. आत कणकेवरचा हात थांबला.

"थांब," मामा म्हणाला. "मागं घे."

मी मागं घेतलं. पुन्हा तसंच. धडधाकट.

"हे दुसऱ्या कुणी गायलंय," मामा म्हणाला. मी सांगितलं की मूळ हेच आहे. तो माझ्याकडं बघत राहिला आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर. "पुढं लाव," म्हणाला.

शेवटचं गाणं झालं. स्पीकरनं टुंग असा आवाज केला आणि गप्प बसला. खोलीत शांतता. मामा तसाच वाट बघत बसलेला.

"संपलं, मामा," मी म्हणालो.

"संपलं कसं?"

"अल्बम एवढाच आहे."

"असा कसा एवढाच?" मामा चिडला. "शिंदे कुठंयत?"

मी समजावायला तोंड उघडलं, पण त्याआधी मामी पदराला हात पुसत दारात आली. एकदा स्पीकरकडं आणि एकदा माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "मग मी भात कधी लावू?"